प्रश्नोत्तराचा तास : मंत्र्यांना खरोखर उत्तर द्यावे लागते का?

सह्यधार

लोकसभा आणि राज्यसभा या दोन्ही सभागृहांतील प्रश्नोत्तरे आता संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात. गेले काही महिने मी रस्ते वाहतूक आणि रेल्वे या दोन मंत्रालयांची उत्तरे सवडीने वाचत आहे. मुंबई–गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणावर आपल्या खासदारांनी काय विचारले आणि मंत्र्यांनी काय सांगितले, हे पाहणे हा मूळ हेतू होता. प्रश्न पुष्कळ आहेत, पक्षभेद न ठेवता विचारलेले आहेत आणि प्रत्येकाला उत्तरही मिळालेले आहे. तरीही ती सगळी उत्तरे ओळीने वाचल्यावर हाती फारसे काही लागत नाही. भूसंपादनाची अडचण, वनखात्याची परवानगी, कंत्राटदाराची आर्थिक स्थिती आणि शेवटी ‘काम प्रगतिपथावर आहे’ हाच क्रम दर अधिवेशनात फिरून येतो.

लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर फक्त लेखी असते, त्यावर उपप्रश्न नाहीत. तासाभरात चार-पाच तारांकित प्रश्न जेमतेम निकाली निघतात आणि उरलेल्यांची उत्तरेही लेखीच धरली जातात. म्हणजे अडीचशे प्रश्नांपैकी ज्यांत मंत्र्याला उभे राहून उलटतपासणीला तोंड द्यावे लागते, असे प्रश्न हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच उरतात.

माझे मत असे झाले आहे की आपल्या खासदारांना प्रश्न विचारण्याचा अधिकार भक्कम आहे, पण उत्तर मिळवण्याचा अधिकार जवळजवळ नाही. ज्यांनी हा व्यवहार जवळून पाहिला आहे, त्यांना हे पटते का?

वाचनमात्र

आमच्या घरी ‘सिलिंडर नोंदवला काय’ या प्रश्नाला ‘बाब विचाराधीन आहे’ असे उत्तर मिळते. उपप्रश्न विचारण्याची परवानगी नाही.

निवृत्त_टिपणी

मी मंत्रालयात कक्ष अधिकारी म्हणून बरीच वर्षे काढली आणि राज्य विधिमंडळाच्या प्रश्नांची उत्तरे तयार करणे हा त्या नोकरीतला मोठा भाग होता. संसदेतील पद्धत तपशिलात वेगळी असली तरी यंत्रणेची वृत्ती सारखीच असते, म्हणून लिहितो.

सह्यधार यांचे निरीक्षण बरोबर आहे, पण निष्कर्ष एकांगी वाटतो. प्रश्न सभागृहात पोहोचण्याआधी काय घडते, हे बाहेरच्यांना दिसत नाही. विधिमंडळ सचिवालयाकडून प्रश्न विभागात आला की बाकीच्या संचिका बाजूला पडतात. प्रश्न आयुक्तालयाकडे, तिथून जिल्हाधिकाऱ्यांकडे, तिथून तहसीलदाराकडे आणि शेवटी ज्या तलाठ्याने किंवा शाखा अभियंत्याने ती नोंद कधीकाळी केली होती, त्याच्यापर्यंत जातो. वर्षानुवर्षे न उघडलेले दप्तर त्या निमित्ताने उघडले जाते. उत्तराचा मसुदा अवर सचिव, उपसचिव, सचिव अशा पायऱ्या चढून मंत्र्यांकडे जातो आणि सोबत एक जाडजूड पूरक टिपणी जोडावी लागते, कारण सदस्य कोणता उपप्रश्न विचारतील याचा अंदाज कोणालाच नसतो. ती टिपणी सभागृहात वाचली जात नाही, पण खात्याला स्वतःच्या कारभाराची खरी माहिती बहुधा तिच्यामुळेच प्रथम होते. मी स्वतः अशी प्रकरणे पाहिली आहेत, ज्यांत उत्तर मोघम गेले, पण उत्तर देण्याची वेळ येणार म्हणून दोन वर्षे अडलेला आदेश अधिवेशनाच्या आदल्या आठवड्यात निघाला.

उत्तर मोघम का असते, याचे एक कारण प्रश्नातच असते. आपल्या विधानसभेतील प्रश्नाचा साचा सर्वांना पाठ आहे : ‘(१) अमुक ठिकाणी अमुक गैरव्यवहार झाल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय, (२) असल्यास, शासनाने याबाबत चौकशी केली आहे काय, (३) असल्यास, चौकशीत काय आढळून आले, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ पहिल्या भागात एखादी तारीख किंवा रक्कम चुकलेली असली की आम्ही ‘हे खरे नाही’ असे लिहून मोकळे होत असू आणि पुढच्या तिन्ही भागांना ‘प्रश्न उद्भवत नाही’ लागू पडत असे. नियमाने ते उत्तर बिनचूक असे.

मोगरा_७२

@निवृत्त_टिपणी, म्हणजे गैरव्यवहार चाळीस लाखांऐवजी एकेचाळीस लाखांचा असेल, तर तो झालाच नाही असे समजायचे काय?

निवृत्त_टिपणी

‘अंशतः खरे आहे’ हा पर्यायही उपलब्ध असतो. तो कधी वापरायचा, हे वरिष्ठांच्या धैर्यावर अवलंबून असे.

आकडेमोड

हा मुद्दा संसदेलाही तंतोतंत लागू आहे. त्याचे मला सर्वांत बोलके वाटणारे उदाहरण सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनातील आहे.

करोनामुळे त्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासच रद्द केला होता आणि केवळ लेखी उत्तरे मिळत होती. टाळेबंदीत घरी परतताना किती स्थलांतरित मजूर मरण पावले, असा प्रश्न लोकसभेत कामगार मंत्रालयाला विचारला गेला. उत्तर आले की अशी आकडेवारी ठेवली जात नाही. मृतांच्या कुटुंबांना भरपाई दिली काय, या पुढच्या भागाला त्याच आधारावर ‘प्रश्न उद्भवत नाही’ असे उत्तर मिळाले. त्यावर देशभर टीका झाली, ती योग्यच होती. पण त्याच आठवड्यात राज्यसभेत रेल्वे मंत्रालयाला श्रमिक विशेष गाड्यांमधील मृत्यूंबद्दल विचारले गेले आणि रेल्वेमंत्र्यांच्या लेखी उत्तरात, राज्यांच्या पोलिसांकडून आलेल्या माहितीच्या आधारे, ९ सप्टेंबरपर्यंत त्या गाड्यांतून प्रवास करताना ९७ जणांचा मृत्यू झाल्याचे सांगितले गेले.

सरकार एकच, अधिवेशन एकच, विषयही जवळपास एकच. मग फरक कशामुळे पडला? दुसऱ्या प्रश्नात ज्या मंत्रालयाकडे नोंद असणार, त्यालाच आणि ज्या नोंदीचे अस्तित्व नाकारता येणार नाही, तिच्याबद्दलच विचारले होते. रेल्वेगाडीत मृत्यू झाला की रेल्वे पोलिसांत त्याची नोंद होतेच. रस्त्याने चालत निघालेल्या मजुराची नोंद कामगार मंत्रालयाकडे असण्याची शक्यता मुळातच कमी होती आणि प्रश्न नेमका तिथेच विचारला गेला.

गटारे आणि मैलाटाक्यांच्या सफाईत होणाऱ्या मृत्यूंचेही असेच आहे. ‘हाताने मैला उचलण्याच्या प्रथेमुळे किती मृत्यू झाले’ असे विचारले की सामाजिक न्याय मंत्रालय ‘असा एकही मृत्यू नोंदलेला नाही’ असे सांगते. ‘गटार व मैलाटाकीच्या धोकादायक सफाईदरम्यान किती मृत्यू झाले’ असे विचारले की तेच मंत्रालय राज्यवार तक्ता देते, कारण कायद्याने या दोन गोष्टींच्या व्याख्या वेगळ्या ठेवल्या आहेत. कायद्यातील व्याख्या न वाचता प्रश्न लिहिणारा सदस्य सरकारला आयतीच पळवाट देतो.

हरकत_आहे

आकडेमोड यांचे विवेचन उत्तम आहे, पण त्यातून सरकारला फारच सहज सूट मिळते, असे मला वाटते. प्रश्नकर्त्याने कायद्यातील व्याख्या पाठ करून यावे आणि मंत्र्याने तेवढ्यापुरतेच उत्तर द्यावे, हा न्यायालयातील साक्षीदाराचा पवित्रा झाला. राज्यघटनेच्या अनुच्छेद ७५ नुसार मंत्रिमंडळ लोकसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार आहे. ज्याच्यावर जबाबदारी आहे, त्याने प्रश्नाचा आशय ओळखून उत्तर द्यायला हवे.

जुलै २०२१ मध्ये राज्यसभेत प्राणवायूच्या तुटवड्याने झालेल्या मृत्यूंबद्दल प्रश्न आला होता. आरोग्य राज्यमंत्री आपल्याच दिंडोरीच्या खासदार भारती पवार होत्या. आरोग्य हा राज्यांचा विषय आहे, राज्ये मृत्यूंची माहिती कळवतात आणि प्राणवायूच्या अभावी मृत्यू झाल्याचे राज्यांनी विशेषत्वाने कळवलेले नाही, असे ते उत्तर होते. त्यातले प्रत्येक विधान सुटे सुटे तपासले तर कदाचित खरे ठरेल. तथापि एप्रिल आणि मे महिन्यांत जे साऱ्या देशाने पाहिले, त्याच्याशी त्या उत्तराचा मेळ कसा घालायचा? इथे प्रश्नाच्या शब्दयोजनेला दोष देता येत नाही.

खडकवासला

@हरकत_आहे, दोष राज्यांचाही होता, हे विसरू नका. केंद्राने विचारल्यावर तसा मृत्यू झाल्याचे मान्य करायला कोणत्याही पक्षाचे राज्य सरकार उत्सुक नव्हते. नाशिकमध्ये प्राणवायूच्या टाकीची गळती होऊन वीसहून अधिक रुग्ण दगावले, ती घटनाही ‘अपघात’ या सदरात जाते, ‘तुटवडा’ या सदरात जात नाही.

हरकत_आहे

राज्यांचा दोष होताच. म्हणूनच मंत्र्यांनी ‘राज्यांनी कळवले नाही, पण आम्ही त्यांच्याकडून सविस्तर माहिती मागवतो’ असे सांगणे अपेक्षित होते.

जुनी_पाने

सह्यधार यांनी विचारलेला मूळ मुद्दा, म्हणजे उत्तर मिळवण्याचा अधिकार, इतिहासात कसा घडला, हे थोडे सांगतो.

१८९२ च्या कायद्याने विधिपरिषदांतील सदस्यांना प्रथमच प्रश्न विचारण्याची परवानगी मिळाली आणि १८९३ मध्ये मध्यवर्ती परिषदेत पहिला प्रश्न भिनगाच्या राजांनी विचारला. दौऱ्यावर येणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांना शिधा पुरवताना गावोगावच्या दुकानदारांना होणाऱ्या त्रासाबद्दल तो होता. उपप्रश्नाचा अधिकार मात्र तेव्हा नव्हता. तो १९०९ च्या सुधारणांनी आला आणि तोही केवळ मूळ प्रश्नकर्त्यापुरता. सत्तेला प्रश्नापेक्षा उपप्रश्नाची धास्ती अधिक असते, हे यावरून दिसते. प्रश्नाची सूचना आधी द्यावी लागते, लोकसभेत किमान पूर्ण १५ दिवस. त्यामुळे त्याचे उत्तर कचेरीत लिहिले जाते. उपप्रश्नाचे उत्तर मंत्र्याला स्वतः द्यावे लागते.

उपप्रश्न आणि पाठपुरावा यांनी काय होऊ शकते, याचे आपल्या संसदेतील मोठे उदाहरण म्हणजे मुंदडा प्रकरण. नव्याने स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळाने १९५७ मध्ये हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांच्या समभागांत सुमारे सव्वा कोटी रुपये गुंतवले. याबद्दल लोकसभेत जे प्रश्न आले, त्यांना आधी मोघम उत्तरे मिळाली. फिरोज गांधी सत्ताधारी पक्षाचे सदस्य होते, शिवाय पंतप्रधानांचे जावई. त्यांनी ती उत्तरे एकमेकांशी पडताळली आणि १६ डिसेंबर १९५७ रोजी तो विषय सभागृहात सविस्तर मांडला. पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांचा चौकशी आयोग नेमला गेला, त्याची सुनावणी उघडपणे झाली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. पहिले उत्तर मोघम होते, म्हणून ते निरुपयोगी होते असे नाही. ते कामकाजात नोंदले गेले होते आणि पुढच्या माहितीशी ते जुळेना, म्हणूनच प्रकरण पेटले.

पिंपळपार

उत्तर नोंदले जाणे महत्त्वाचे, हे मान्य. समाजवादी नेते लोहियांनी प्रश्नोत्तराच्या तासातच नेहरूंना गरिबाच्या दिवसाच्या तीन आण्यांवरून घेरले होते ना?

जुनी_पाने

ती चर्चा ऑगस्ट १९६३ मधील अविश्वास प्रस्तावाच्या वेळची आहे. प्रश्नोत्तराच्या तासाला इतके लांब भाषण करताच येत नाही, अध्यक्ष ‘प्रश्न विचारा’ म्हणून खाली बसवतात. लोहियांच्या पठडीतील मधू लिमये यांनी मात्र नियमावलीचा अभ्यास हेच हत्यार केले होते. पुण्याचा हा माणूस बिहारमधील मुंगेरमधून निवडून येत असे आणि नियम पुस्तकातील कोणत्या आयुधाने कोणत्या मंत्र्याला गाठता येईल, हे त्यांना नेमके ठाऊक असे. राजापूरने तर नाथ पै आणि मधू दंडवते असे दोन मोठे संसदपटू ओळीने दिले. कोकणच्या महामार्गावर आज तसे कोणी विचारणारे असते, तर सह्यधार यांना हा धागा काढावा लागला नसता.

खडकवासला

जुन्या काळाचे गोडवे गाताना एक गोष्ट सांगायला हवी. सोळाव्या लोकसभेत सर्वाधिक प्रश्न विचारणाऱ्यांच्या यादीत महाराष्ट्राचेच खासदार वरच्या क्रमांकांवर होते आणि त्यांतल्या काहींचे प्रश्न हजाराच्या वर गेले होते. आजचे खासदार विचारत नाहीत, असे म्हणता येणार नाही.

आकडेमोड

संख्या हा निकष मला फसवा वाटतो. अनेक सदस्यांचे प्रश्न शब्दशः सारखे असतात आणि ते एकत्र करून एकच उत्तर दिले जाते. पाच-सहा नावांखाली छापलेला तो प्रश्न प्रत्येकाच्या खात्यावर एकेक म्हणून जमा होतो. प्रगतिपुस्तकात संख्या छापली जाऊ लागल्यापासून स्वीय सहायकांचे काम वाढले आहे, एवढे निश्चित म्हणता येईल. एखाद्या सदस्याने त्याच विषयावर तीन अधिवेशनांत वाढत्या नेमकेपणाने प्रश्न विचारले आहेत काय, हे मी पाहतो. असे सदस्य आजही आहेत आणि ते सर्व पक्षांत आहेत, पण त्यांची नावे त्या यादीत वर असतीलच असे नाही.

मोगरा_७२

प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याचे प्रकरणही झाले होते. त्याबद्दल कोणी काहीच कसे लिहिले नाही?

हरकत_आहे

डिसेंबर २००५ मध्ये एका वृत्तवाहिनीने छुप्या चित्रणातून ते उघड केले आणि त्याच महिन्यात अकरा सदस्यांना, लोकसभेतील दहा आणि राज्यसभेतील एक, काढून टाकण्यात आले. त्यांत महाराष्ट्रातील खासदारही होते. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये संसदेचा तो अधिकार मान्य केला. अशा कारवाईची सुरुवात मात्र खूप आधीची आहे. १९५१ मध्ये हंगामी संसदेतील एच. जी. मुद्गल यांच्यावर मुंबईतील सराफ व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून मोबदला घेऊन प्रश्न विचारल्याचा ठपका आला होता. त्यांची चौकशी करणाऱ्या समितीचे अध्यक्ष टी. टी. कृष्णम्माचारी होते, म्हणजे जुनी_पाने यांनी वर उल्लेखलेले अर्थमंत्रीच.

एका प्रश्नासाठी कोणी पैसे मोजायला तयार होतो, याचा अर्थ त्या प्रश्नाच्या उत्तराला बाजारात किंमत आहे. प्रश्नांना काही अर्थ उरलेला नाही असे म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

थेम्सकाठी

मी इंग्लंडमध्ये राहतो. इथे दर बुधवारी दुपारी बारा वाजता अर्धा तास पंतप्रधानांना प्रश्न विचारले जातात आणि भारतातील मित्र तो कार्यक्रम पाहून हळहळतात. त्यांना मी सांगतो की त्या अर्ध्या तासात माहिती जवळजवळ मिळत नाही, टोमणे भरपूर मिळतात. १९६१ पासून तो आठवड्यातून दोनदा पंधरा-पंधरा मिनिटे होत असे, टोनी ब्लेअर यांनी १९९७ मध्ये तो एकदाच आणि अर्ध्या तासाचा केला. मला इथली तातडीच्या प्रश्नाची सोय अधिक मोलाची वाटते. सकाळी एखादी गोष्ट घडली, सदस्याने अर्ज केला आणि सभापतींनी तो मान्य केला की त्याच दिवशी संबंधित मंत्र्याला सभागृहात येऊन उत्तर द्यावे लागते. पंधरा दिवसांची सूचना ही भारतातील पद्धतीची मोठी उणीव आहे.

जुनी_पाने

भारतातही अल्पसूचना प्रश्नाची तरतूद आहे, पण मंत्र्यांनी कमी मुदतीत उत्तर देण्याची तयारी दाखवावी लागते. त्यामुळे ती फारशी वापरात नाही. तातडीचे विषय शून्य प्रहरात जातात आणि तिथे मंत्र्याने उत्तर देण्याचे बंधनच नाही. शून्य प्रहर हा शब्द नियमावलीत नाही, तो रूढीने आलेला आहे.

म्हापशेकार

गोव्याचा अनुभव थोडा निराळा आहे, म्हणून लिहितो. आमची विधानसभा चाळीस सदस्यांची. त्यामुळे एखाद्या आमदाराने मनावर घेतले तर त्याचा प्रश्न चर्चेला येण्याची शक्यता मोठ्या राज्यांपेक्षा पुष्कळ जास्त असते. ‘एलएक्यू’, म्हणजे आमदाराने विधानसभेत विचारलेला प्रश्न, हा शब्द आमच्याकडे चहाच्या गाड्यावरही समजतो. कुठल्या सर्वेक्षण क्रमांकाच्या जमिनीचे रूपांतर झाले, कोणत्या खात्यात कोणाची नेमणूक झाली, याचे तक्ते उत्तराला जोडून येतात आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत छापले जातात. अनेक आंदोलनांचा पहिला कागद अशा उत्तराचाच असतो.

माहितीचा अधिकार आल्यावर या प्रश्नांचे महत्त्व कमी होईल असे वाटले होते, प्रत्यक्षात दोन्ही एकमेकांना पूरक ठरले. २००५ च्या कायद्यात एक सुंदर परंतुक होते की जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने ते कलम बदलले आणि ते परंतुक त्यात ठेवले नाही. आमदार-खासदारांच्या प्रश्नांचे वजन आता पुन्हा वाढणार, असे मला वाटते.

पिंपळपार

सगळे प्रश्नकर्त्यांबद्दल बोलत आहेत, पण सभागृह चालतेच कुठे? राज्यसभेने गोंधळ टाळण्यासाठी २०१४ च्या हिवाळी अधिवेशनापासून प्रश्नोत्तराचा तास अकरा ऐवजी बारा वाजता ठेवला, तरी गोंधळ त्याच्या पाठोपाठ बारा वाजता पोहोचला.

खडकवासला

आणि गोंधळ नसतो तेव्हा सदस्य नसतात. नोव्हेंबर २००९ मध्ये लोकसभेत ज्यांचे तारांकित प्रश्न होते, त्यांतील बहुसंख्य सदस्यच गैरहजर राहिल्याने तास वेळेआधी आटोपावा लागला होता. उलट नोव्हेंबर २०१९ मध्ये एका दिवशी वीसही प्रश्न पुकारले गेले आणि तसे १९७२ नंतर प्रथमच घडले, अशी बातमी झाली. प्रश्न निवडण्याच्या सोडतीत नंबर लागण्यासाठी धडपडायचे आणि लागल्यावर यायचे नाही, याला काय म्हणावे?

निवृत्त_टिपणी

चर्चा उपस्थितीकडे वळली आहे, तरी मला एक महत्त्वाचा दुवा सांगायचा आहे, कारण सह्यधार यांच्या तक्रारीचे अर्धे उत्तर त्यात आहे.

‘माहिती गोळा केली जात आहे आणि ती सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल’ हे उत्तर वाचून सामान्य वाचक वैतागतो. खात्यातील माणूस ते वाक्य लिहिताना मात्र दहा वेळा विचार करतो, कारण ते आश्वासन ठरते. लोकसभेत १९५३ पासून आणि राज्यसभेत १९७२ पासून सरकारी आश्वासनांविषयीची समिती आहे. मंत्र्यांच्या उत्तरांतून अशी वाक्ये वेचून ती त्यांची नोंद ठेवते आणि तीन महिन्यांत पूर्तता होणे अपेक्षित असते. ती झाली नाही तर मंत्रालयाला मुदतवाढ मागावी लागते, सचिवांना समितीसमोर बसून कारणे द्यावी लागतात. वर्षानुवर्षे प्रलंबित राहिलेली आश्वासने आहेत, ती वगळावीत म्हणून मंत्रालये विनंत्याही करतात, हे सगळे खरे आहे. पण ‘प्रश्न उद्भवत नाही’ या उत्तराने दार बंद होते आणि ‘माहिती गोळा केली जात आहे’ या उत्तराने ते उघडे राहते. पुढे कोणी विचारलेच नाही, तर तो दोष उत्तराचा नाही.

हरकत_आहे

यात भर घालतो. मंत्र्याचे उत्तर चुकीचे असल्याचा पुरावा हाती असेल, तर लोकसभेत अध्यक्षांच्या निर्देशांपैकी ११५ व्या निर्देशाखाली सदस्याला ती चूक लेखी दाखवून देता येते. उत्तरातून महत्त्वाचा सार्वजनिक विषय निघत असेल, तर अर्धा तास चर्चेची सूचना देता येते. हे दोन्ही मार्ग सदस्य फार कमी वापरतात, कारण त्यासाठी मिळालेले उत्तर आधी काळजीपूर्वक वाचावे लागते.

सह्यधार

सर्वांचे आभार. निवृत्त_टिपणी आणि आकडेमोड यांचे प्रतिसाद वाचून मी महामार्गावरील जुने प्रश्न पुन्हा काढून पाहिले. त्यांतील बहुतेक प्रश्न ‘काम रखडले आहे काय, असल्यास कारणे काय आणि सरकारने कोणती पावले उचलली’ अशा धाटणीचे आहेत आणि त्यांना तीच ठरावीक उत्तरे मिळाली, यात आता नवल वाटत नाही. तरीही माझे मूळ मत मी पूर्णपणे सोडलेले नाही. नेमका प्रश्न लिहिणे ही सदस्याची जबाबदारी आहे, तशी टोलवाटोलवी न करणे ही मंत्र्याची जबाबदारी आहे आणि दुसरी पाळली नाही तर काहीच परिणाम होत नाही.

आमच्या भागातील खासदारांच्या कार्यालयाने नागरिकांकडून प्रश्नांचे मसुदे स्वीकारण्याची तयारी दाखवली आहे. मी असा मसुदा केला आहे :

‘(क) राष्ट्रीय महामार्ग ६६ च्या महाराष्ट्रातील लांबीच्या चौपदरीकरणासाठी केलेल्या प्रत्येक कंत्राटातील काम पूर्ण करण्याची मूळ तारीख कोणती, (ख) प्रत्येक कंत्राटास किती वेळा, कोणत्या तारखांना व कोणत्या कारणांसाठी मुदतवाढ दिली, (ग) विलंबापोटी प्रत्येक कंत्राटदाराकडून वर्षनिहाय किती रक्कम वसूल केली, (घ) सरकार या विलंबाबद्दल जबाबदारी निश्चित करणार आहे काय?’

तज्ज्ञांनी यावर निर्दयपणे लाल शाई चालवावी.

निवृत्त_टिपणी

मसुदा चांगला आहे आणि दीडशे शब्दांच्या मर्यादेत सहज बसतो. तीन सूचना करतो. या महामार्गाचा पनवेल ते इंदापूर हा टप्पा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे आणि त्यापुढचा राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाकडे आहे. त्यामुळे (क) मध्ये ‘यंत्रणानिहाय’ हा शब्द घाला, अन्यथा एका यंत्रणेची माहिती देऊन दुसरीबद्दल ‘राज्य शासनाकडून माहिती मागवली आहे’ असे सांगितले जाईल. (घ) पूर्ण वगळा. त्याला ‘कराराच्या तरतुदींनुसार कारवाई केली जाते’ यापलीकडे उत्तर मिळणार नाही आणि वृत्तपत्रे मात्र तेवढेच वाक्य छापतील. त्याऐवजी (ग) मध्ये वसुलीच्या रकमेबरोबर ‘आकारणी केलेली पण माफ केलेली रक्कम’ विचारा.

आकडेमोड

शिवाय तो अतारांकित म्हणून द्या. हा तक्त्याचा प्रश्न आहे, त्यावर सभागृहात बोलण्यासारखे काही नाही. उत्तरातील तारखा हाती आल्या की पुढच्या अधिवेशनात त्यांतील सर्वांत लाजिरवाण्या एका कंत्राटावर तारांकित प्रश्न द्यावा आणि खासदारांना दोन उपप्रश्न आधीच लिहून द्यावेत.

मोगरा_७२

आणि त्या दिवशी खासदार हजर राहतील, याचे आश्वासन कोणत्या समितीकडे नोंदवायचे?

हरकत_आहे

@सह्यधार, (ख) मधून ‘कोणत्या कारणांसाठी’ हे शब्दही काढून टाका. कारणे विचारली की भूसंपादन आणि वनपरवानगी यांवर एक लांबलचक परिच्छेद येतो आणि तारखा त्यात हरवतात. त्या जागी ‘मुदतवाढ मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याचे पदनाम’ असे लिहा. बाकीचा मसुदा तसाच पाठवा.